वाचलेले श्रम कोणाच्या पदरात?

तंबाखूच्या शेतात निम्मे काम बोटांचे असते. रोपाचा शेंडा खुडायचा, मग पानांच्या बेचक्यांतून येणारे फुटवे पुन्हा पुन्हा काढायचे. पाने दवाने ओली असली की त्यांतले निकोटिन कातडीतून अंगात भिनते आणि मजुराला मळमळ, चक्कर, उलट्यांचा त्रास होतो. पुढे वखारीत वाळलेला पाला कुटणे आणि चाळणे आले. कर्नाटकातल्या निपाणीच्या विडी-तंबाखूच्या वखारींत नाकातोंडाला पदर बांधून बायकांनी वर्षानुवर्षे ही धूळ खाल्ली. असले काम यंत्राने करावे, याबद्दल दुमत नसावे.

मात्र श्रम वाचले की मजुरीही वाचते, आणि ती जाते मालकाच्या खिशात. कष्टाचा मोबदला कोणाला, हा हिशेब निपाणीला नवा नाही. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मारले गेले. प्रा. सुभाष जोशींनी संघटित केलेल्या वखारीतल्या कामगार बायका त्या आंदोलनात शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. शेतकरी आणि मजूर यांचे हित एकाच साखळीत अडकले आहे, हे त्यांना कोणी शिकवायची गरज पडली नव्हती.

आज कंपन्या शाश्वततेची भाषा बोलतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून भांडवली बाजाराची नियामक ‘सेबी’ने तसा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात पाणी, कार्बन, कामगार अशा सगळ्यांचा जमाखर्च मांडावा लागतो. विडीचा धंदा मात्र बहुतांशी खासगी मालकांचा, ठेकेदारांचा आणि घरबसल्या विड्या वळणाऱ्या बायकांचा. टपरीवर विडीचे बंडल घेणाऱ्याला त्यामागची वखार दिसत नाही, तशी ती या अहवालांतही दिसत नाही.

सरकारनेही हात आखडता घेतला. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर लावून कामगारांच्या दवाखान्यांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी निधी उभा केला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. या सवलतीतला मजुरांचा वाटा कुठे लिहिला आहे?

भारताने २००४ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचे १७ वे कलम तंबाखूवर पोट असलेल्यांना पर्यायी उपजीविका देण्याविषयी आहे. त्याची अंमलबजावणी केंद्राने वखारीपासून करावी. यंत्र बसवणाऱ्या मालकाने किती हात रिकामे होणार आणि त्यांना कोणते काम मिळणार, हे आधी जाहीर करावे. विडीवरच्या कराचा ठरावीक हिस्सा वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या औषधोपचारासाठी आणि नव्या रोजगारासाठी कायद्याने राखून ठेवावा. जोवर हे होत नाही, तोवर तंबाखूच्या धंद्याने शाश्वततेचा दावा करू नये.