तीन आण्यांचा जाब

स्वतंत्र भारताच्या लोकसभेत अविश्वासाचा पहिला ठराव आला तो ऑगस्ट १९६३ मध्ये, आणि तो मांडणारे आचार्य कृपलानी हे एके काळी काँग्रेसचेच अध्यक्ष होते. चीनच्या आक्रमणाची जखम ताजी होती. अमरोहा, फर्रुखाबाद आणि राजकोट येथील पोटनिवडणुकांनी कृपलानी, डॉ. राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी असे तीन भिन्न प्रकृतीचे विरोधक एकाच वर्षी सभागृहात आणून बसविले होते. आणि तरीही ठरावाचे भवितव्य आरंभीच ठरलेले होते, आणि चर्चेअंती त्याच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. मतांच्या बेरजेपलीकडे ज्याला काही दिसत नाही त्याने हा सारा खटाटोप निष्फळ ठरवावा. परंतु ती मतसंख्या आज फारशी कोणाच्या ध्यानात नाही. लोहियांनी त्या चर्चेत सरकारपुढे ठेवलेला तीन आण्यांचा आकडा मात्र साठ वर्षे लोटली तरी विस्मृतीत गेलेला नाही.

लोहियांचे म्हणणे असे की, या देशातील २७ कोटी माणसे, म्हणजे लोकसंख्येतील तळचे साठ टक्के लोक, दिवसाला तीन आण्यांवर गुजराण करतात. (दशमान नाणी १९५७ मध्येच सुरू झाली होती, पण गरिबाचा हिशेब अजून आण्यांतच चालत असे, आणि आपण कोणाच्या वतीने जाब विचारत आहोत याचा लोहियांना क्षणभरही विसर पडला नव्हता.) पंतप्रधान नेहरूंनी हा आकडा साफ अमान्य करून नियोजन मंडळाच्या आधारे पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. पण पंधरा आणे ही सरासरी होती, आणि सरासरीत गिरणीमालकाची मिळकत व शेतमजुराची मजुरी एकाच रकान्यात मिसळून जाते. लोहियांनी पिच्छा सोडला नाही. सप्टेंबरच्या आरंभी सभागृहाला याच एका प्रश्नावर पुन्हा चर्चा करावी लागली, आणि तीत नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांच्याकडून आलेला आकडा साडेसात आण्यांवर उतरला होता.

लोहियांचे तीन आणे तंतोतंत खरे होते असे मी म्हणणार नाही, आणि पंतप्रधानांच्या दैनंदिन खर्चाचा पंचवीस हजारांचा आकडा त्यांनी ज्या आवेशाने मिरवला त्यात न्यायबुद्धीपेक्षा चीड अधिक होती, असेच माझे मत आहे. परंतु विरोधकाचे काम बिनचूक जमाखर्च मांडण्याचे नसून, ज्यांच्या हाती दफ्तर आहे त्यांना तो मांडावयास भाग पाडण्याचे असते. आणि ज्या सरकारने आपलाच आकडा अर्ध्यावर आणला त्या सरकारकडून याहून मोठी कबुली कोणता ठराव मिळवू शकला असता? नेहरूंच्या पदरी हे श्रेय घातलेच पाहिजे की, त्यांनी अशा परीक्षेचे स्वागत केले, सभागृहात बसून ती ऐकून घेतली आणि स्वतः उत्तर दिले.

सरकारला जाब विचारण्याचा हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. कायदेमंडळात सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाली, आणि उत्तर अपुरे वाटल्यास पूरक प्रश्न करण्याची सवलत १९०९ पर्यंत कोणाला नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले तेव्हा सरकारी सभासदांचे बहुमत पक्के होते. तरीही शिलकेचे वर्ष हे समृद्धीचे नसून अतिरिक्त करवसुलीचे आहे हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले, आणि मिठावरील ज्या कराविरुद्ध ते बोलले तो पुढच्याच वर्षापासून टप्प्याटप्प्याने उतरू लागला.

मग आज कशाची उणीव आहे? सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीच्या सबबीवर प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, याची खंत सभागृहाबाहेर फारच थोड्यांना वाटली. एरवीही माहिती गोळा करण्यात येत आहे अशा मजकुराच्या आड मंत्री निर्धास्त बसतो, आणि विरोधकांपैकी पुष्कळांना प्रश्नाचा पाठपुरावा करण्यापेक्षा हौद्यात उतरून फलक नाचविणे सोयीचे वाटते. या दुसऱ्या दोषाबद्दल विरोधकांना माफी देण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

महाराष्ट्राची अवस्था तर याहून विचित्र आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांपैकी विरोधी बाजूच्या कोणत्याही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी आवश्यक मानल्या जाणाऱ्या एकदशांश, म्हणजे २९, जागा मिळाल्या नाहीत. त्यांतील सर्वांत मोठ्या पक्षाचे बळ २० राहिले, आणि विरोधी पक्षनेत्याचे आसन रिकामे ठेवण्यात आले. पुढे विधानपरिषदेतील आसनही रिकामे झाले, आणि २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत त्या पदावाचून पार पडले. १९७७ मध्ये याच पदावर लोकसभेत यशवंतराव चव्हाण बसले होते, हे ज्या राज्याने अभिमानाने सांगावे, त्या राज्याची ही स्थिती.

यावर कोणी म्हणेल की, १९६३ मध्ये लोकसभेतही मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता, आणि लोहियांचे त्यावाचून काही अडले नाही. आक्षेप खरा आहे. पण लोहियांच्या समोर नेहरू होते. जेथे उत्तर देण्याची वृत्ती शासनकर्त्यांच्या अंगी असते तेथे एकट्या सभासदाचा प्रश्नही पुरतो. जेथे ती नसते तेथे ज्याला बोलण्यास प्रथम पाचारण करावेच लागते, ज्याला काही निवडसमित्यांवर बसविणे कायद्यानेच भाग असते, असा एक माणूस समोरच्या बाकावर असावा लागतो. शिवाय एकदशांशाचा दंडक पवित्र नाही. तो लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळंकर यांच्या काळातील पक्षमान्यतेच्या संकेतातून आला. संसदेतील विरोधी पक्षनेत्यांविषयीच्या १९७७ च्या कायद्यात त्याचा उल्लेखही नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तर राज्य माहिती आयुक्तांच्या निवडीपुरता हा पेच स्पष्ट शब्दांत सोडविला आहे: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर विरोधातील सर्वांत मोठ्या गटाचा नेता तोच विरोधी पक्षनेता समजावा. विधानसभेच्या अध्यक्षांनी आणि परिषदेच्या सभापतींनी एवढीच तरतूद आपल्या सभागृहांना लागू करावी, आणि पुढील अधिवेशनाची घंटा वाजण्यापूर्वी करावी.