जलपर्यटन गोसीखुर्दला, पोरं मात्र गावतलावावर

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर जलपर्यटनाचा शंभर कोटींच्या घरातला प्रकल्प मंजूर झाला, 2024 मध्ये त्याचं भूमिपूजनही झालं. तेव्हापासून भंडारा-पवनी रस्त्यावर, अड्याळच्या टपरीवर चहा पिताना हाच विषय निघतो. बोटी येतील, हॉटेलं येतील, पोरांना काम मिळेल. मिळो, आम्हाला आनंदच आहे. याच धरणासाठी अनेक गावांनी घरं-शेतं सोडली. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा कोणी बोटींची स्वप्नं दाखवली नव्हती, शेताला पाणी देऊ म्हटलं होतं.

आमचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या मोहल्ल्यातली पोरं पाण्यावर जातात ती कुठे? बासी ईदेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, जुम्म्याच्या नमाजनंतर पोरं गावतलावाच्या पाळीवर असतात, नाहीतर एखाद्या बोडीत. थोडे पैसे असले तर रावणवाडीचा जलाशय. पवनी गेटची जिप्सी सफारी साध्या घराच्या खिशाला झेपत नाही. त्या सफारीचंही काय सांगावं! 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली, हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आपल्याकडे समुद्र नाही, पण तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याचं नाव आहे. कोहळी समाजाच्या जाणकारांनी यातले कितीतरी तलाव बांधले, मालगुजारांच्या काळात ते सांभाळले गेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पाळ, सांडवा, गाळ रोजच्या रोज बघणारा माणूसही तिथून गेला. आता कुठे बेशरम माजली आहे, तर कुठे मुरूम आणि गाळ काढून खड्डे पडले आहेत. गाळ निघायलाच पाहिजे, शेतालाही तो चांगला. पण जिथे तो उतार न ठेवता खोल खणला जातो, तिथे पावसाळ्यात वरून पाणी सपाट दिसतं. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा पोरगा पुढच्या पावलाला डोक्याएवढ्या पाण्यात जातो. त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो, त्यालाही पोहता येत नसतं. एकाच घरात दोन जनाजे उठतात ते असे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 38 हजारांहून जास्त लोक बुडून गेले. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. ती बातमी आली तेव्हा आम्हा शिक्षकांच्या खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. सहलीच्या परवानगीच्या कागदावर सही आमचीच असते ना!

म्हणून गोसीखुर्दच्या कोट्यवधींबरोबर गावतलावांचंही बघा, असं आमचं म्हणणं आहे. एका घाटाला पायऱ्या, खोल जागी बांबू रोवून लाल झेंडी, पाळीवर हवा भरलेली ट्यूब आणि लांब दोर. याला कोटी लागत नाहीत. तलावाची खोली ढिवर बांधवांना हाताच्या रेषेसारखी ठाऊक असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या डोंगा तेच चालवतात. सुट्टीच्या दिवसांत त्यांच्याच दोन पोरांना मानधनावर राखणीला बसवलं तर रोजगारही गावातच राहील. मात्र पर्यटनाच्या नावाखाली त्यांची मासेमारी बंद पाडू नये.

दुसरं काम आपल्या घरातलं. मुलांना पोहायला शिकवण्याची ताकीद देणारी, हजरत उमर (रजि.) यांच्याशी जोडली जाणारी रिवायत आपण जलशात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन पोराला सांगतो, "खबरदार तलावावर गेलास तर!" तो जातोच, फक्त सांगून जात नाही. शालेय वयात पोहणं आणि पाण्यातली सावधगिरी शिकवावी, ही जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. आणि मुलींचं काय? त्यांच्यासाठी वेगळी वेळ, अंगभर कपडे, शिकवायला बाई, एवढी सोय झाली तर हया आणि पोहणं यात भांडण नाही. भंडाऱ्यापर्यंत जाऊन शिकणं प्रत्येकीला शक्य नाही, हे खरं. पण किमान पाण्यावर पाठीवर तरंगणं आणि बुडणाऱ्याकडे उडी न मारता ओढणी किंवा दोर फेकणं, एवढं तर शाळेत सांगता येतं. त्याला तलावही लागत नाही.

एक गोष्ट राहिली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला येतं. त्याच पाण्यावर बोटी फिरणार आहेत आणि काठच्या गावांची जनावरंही तेच पितात. नागपूरच्या पाहुण्यांनी बोटीत बसण्याआधी निदान हे विचारावं.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. आपल्या मोहल्ल्यातून तिथे फार थोडे लोक जातात, बाया तर नाहीच. या वेळी घाट, झेंड्या आणि राखणदार एवढे तीनच मुद्दे अर्जात लिहून न्यावेत, आणि ठरावाची नक्कल मागून घ्यावी.