सौंदडचे चरित्र कोण लिहिणार?

गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सौंदड नावाचे एक स्थानक आहे. नागपूर-रायपूर हा जुना पूर्वेकडचा रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि आताचा ५३, याच गावावरून जातो. साकोली मागे पडते, सौंदड लागते, मग कोहमारा, पुढे देवरी आणि त्यापलीकडे छत्तीसगड. रेल्वे आणि महामार्ग दोन्ही लाभलेले असे गाव सडक अर्जुनी तालुक्यातच काय, जिल्ह्यातही वारंवार आढळत नाही. तरीही सौंदडविषयी मराठीत काय वाचावे, असे कोणा विद्यार्थ्याने विचारले तर आमच्याजवळ उत्तर नाही. हा लेख त्या निरुत्तर होण्याविषयी आहे.

प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. जपानमध्ये मध्यम आकाराच्या शहरालाच नव्हे, तर लहान नगरांना आणि खेड्यांनाही स्वतःचा लिखित इतिहास असतो. स्थानिक स्वराज्य संस्था स्वखर्चाने संपादक नेमतात, घराघरांतील जुनी कागदपत्रे तपासून घेतात आणि भूगोल, शेती, नद्या, देवळे, शाळा, सण, बोली अशा विषयांवर खंडामागून खंड प्रसिद्ध करतात. १९९९ ते २०१० या काळात तेथे नगरपालिका व ग्रामसंस्थांचे मोठ्या प्रमाणावर विलीनीकरण झाले. ३२३२ संस्थांच्या १७२७ झाल्या. शेकडो गावांची नावे नकाशावरून पुसली गेली. पण गाव गेले तरी त्याचा ग्रंथ अनेक ठिकाणी उरला.

योगायोग असा की, ज्या १९९९ साली जपानने ही जुळवाजुळव आरंभली, त्याच वर्षी १ मे रोजी आपल्याकडे भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तेथे सीमा पुसल्या जात होत्या, येथे नव्या आखल्या जात होत्या. सौंदडसारख्या गावाने तर एकही पाऊल न उचलता कितीतरी स्थलांतरे केली. १९५६ पर्यंत ते नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० पासून महाराष्ट्रात. १९९९ पर्यंत भंडाऱ्यात, त्यानंतर गोंदियात. प्रत्येक स्थलांतरात दप्तरे हलली. मात्र या हलण्याचा गावाच्या मनावर आणि भाषेवर काय परिणाम झाला, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

यावर आमचे काही प्राध्यापक मित्र म्हणतील की, हे काम इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे. साहित्याच्या विभागाने त्यात का पडावे? आम्हाला हा आक्षेप मान्य नाही, आणि त्याचे कारण साहित्याच्या आतलेच आहे.

मराठी समीक्षेत 'गाव' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? पाटील-कुलकर्ण्यांचा वाडा, बारा बलुतेदार, ज्वारी-बाजरीचे रान, विहिरीवरची मोट. हे चित्र खोटे नाही; ते देशावरचे आहे. त्रिंबक नारायण अत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली आला, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली. दोन्ही थोर पुस्तके, आणि दोघांचीही मुळे आपापल्या मातीत. दोष त्यांचा नव्हे. दोष आमचा, कारण एका प्रदेशाच्या गावावरून आम्ही ग्रामीण साहित्याची संकल्पना बांधली आणि मग साऱ्या महाराष्ट्राला तीच मोजपट्टी लावली.

सौंदडच्या परिसरातील गाव या पट्टीत बसत नाही. येथे विहिरीपेक्षा तलाव मोठा. शेताला येथे बांधी म्हणतात, बांधीभोवती धुरे असतात, पऱ्हे टाकले जातात आणि आषाढ-श्रावणात रोवणी चालते. लहान साठवणीला बोडी हा शब्द आहे. रान संपते तेथे जंगल सुरू होते, असेही नाही. दोन्ही एकमेकांत शिरलेली असतात. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. दोन्ही मिळून २०१३ साली व्याघ्रप्रकल्प झाला, आणि त्या दोहोंमधील वन्यजीवांची वाट हाच महामार्ग छेदून जातो. येथील गाव रयतवारीचे नव्हते, मालगुजारीचे होते. पाटील आणि मालगुजार या दोन शब्दांत सत्तेची दोन निराळी व्याकरणे आहेत, हे आमच्या किती पाठ्यपुस्तकांत आले आहे?

नागरी जीवन म्हणजे केवळ नगरपालिकेचे जीवन, अशी समजूतही येथे सोडावी लागते. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात हजारोंनी तलाव बांधले. नवेगावबांधच्या तलावाशी परंपरा कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडते. पाणी कोणी, केव्हा, किती घ्यायचे, पाळीची दुरुस्ती कोणी करायची, याचे नियम होते. वाजिब-उल-अर्जमध्ये गावाच्या चालीरीती नोंदल्या गेल्या, निस्तार पत्रकात सरपण, चराई आणि पाण्याचे हक्क लिहिले गेले. ही एका अर्थाने गावाची लिखित घटनाच होती. मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' हे नाव मिळाले. मालक बदलला तेव्हा जबाबदारी कोणाकडे गेली? पाळ फुटली तर कुदळ घेऊन कोणी जायचे? ग्रामपंचायत आणि ग्रामसभा आज या प्रश्नांपुढे उभ्या आहेत. ग्रामसभेत पाण्यावरून होणारा वाद ऐकणे हेही एक वाचनच आहे, असे आम्ही मानतो.

येथे एक सावधगिरी हवी. गावचरित्र लिहायचे म्हणजे मालगुजाराचा वाडा, त्याचे देऊळ आणि त्याचे दातृत्व यांचे स्तोत्र गायचे नव्हे. तलाव कोणी आखला हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याची माती कोणी वाहिली, त्यात जाळे कोण टाकीत आले आणि त्याच्या कोणत्या काठावर कोणाला उतरू दिले जात नव्हते, हेही महत्त्वाचे. गोंड, ढिवर, कोहळी आणि दलित वस्तीतील माणूस एकाच तलावाची चार चरित्रे सांगतील. शासकीय गौरवग्रंथात ती चारही मावणे कठीण; जपानचे अनुकरण करताना हे विसरता कामा नये. एकाच वस्तूविषयीची परस्परविरोधी कथने शेजारी ठेवून वाचण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याला असते. म्हणूनच हे काम त्याचे आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' याच विदर्भात, १९५५ च्या सुमारास लोकांपुढे आली. तिने गाव कसे असावे याचे स्वप्न दिले. गाव कसे आहे आणि कसे होते, याचा पूरक ग्रंथ लिहिण्याची जबाबदारी मात्र आम्ही घेतली नाही. झाडीबोलीच्या अभ्यासाला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी वाहून घेतले, तेव्हा या बोलीला स्वतःचे नाव व प्रतिष्ठा मिळाली. मारुती चितमपल्ली सोलापूरचे; परंतु वनाधिकारी म्हणून नवेगावात राहिले आणि येथील माणसांकडून पाखरांची, झाडांची, पाण्याची नावे ऐकून त्यांनी मराठीचे शब्दधन वाढवले. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांना शब्द देणारी पिढी तर त्यांच्याही आधीपासून निघून चालली आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक पाहणारी, दंडार नाचलेली, तलावाच्या प्रत्येक भागाला वेगळ्या नावाने हाक मारणारी ही माणसे आमच्या महाविद्यालयांपासून फार तर काही कोसांवर राहतात.

आणि आमचे विद्यार्थी? ते याच घरांतून येतात. रोवणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात ते त्यामुळेच. पण वर्गात बसले की ते 'बांधी' हा शब्द गिळून 'शेत' लिहितात, कारण प्रमाण भाषेत गुण मिळतात. प्रमाण भाषा शिकवणे आमचे कर्तव्य आहे, यात वाद नाही. परंतु एक भाषा शिकताना दुसरीची लाज वाटू लागावी, ही शिकवणुकीची उणीव आहे, आणि तिची जबाबदारी आम्ही शिक्षकांनी स्वीकारली पाहिजे.

आमचे मागणे लहान आहे. पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पांपैकी एक तरी प्रकल्प एका गावावर असावा. गावाचे नाव, त्याचे तलाव, बोडीची नावे, निस्तार पत्रकाचे वाचन, मंडईत झालेल्या नाटकांच्या आठवणी, ग्रामसभेतील एखाद्या ठरावाची कथा; आणि निवेदकाचे शब्द दुरुस्त न करता जसेच्या तसे. आरंभ नावापासून करता येईल. सडक अर्जुनीने 'सडक' आणि अर्जुनवृक्ष दोन्ही नावात धरून ठेवले आहेत. मराठी कोशात 'सौंदड' म्हणजे शमी. दसऱ्याच्या कथेत पांडवांनी आपली शस्त्रे ज्या झाडावर ठेवली ते हेच झाड. गावाच्या नावाची उकल झाडात शोधायची की बोलीत, हा प्रश्न सौंदडच्याच एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या आजीला विचारावा आणि मिळेल ते उत्तर वहीत उतरवावे.

तेवढे एक पान लिहिले गेले, तर पुढच्या वेळी कोणी विचारील तेव्हा आम्ही निरुत्तर असणार नाही.