वळणावर साठवावे, सरळ रस्त्यावर वापरावे



सुट्टीच्या दिवसांत आपल्या घराघरांतून मोटारशर्यतीच्या व्हिडिओ खेळांचा आवाज येत असतो. वडीलधाऱ्यांना त्यात वेळेचा अपव्यय तेवढा दिसतो, आणि पुष्कळदा तो असतोही. तथापि वेग साठवण्याचा व योग्य क्षणी तो मोकळा करण्याचा जो नियम या खेळांत आहे, तो व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगा आहे. भांडवलाच्या बाबतीत तरुण व्यापारी नेमके याच ठिकाणी अडखळताना मी बँकेच्या नोकरीत पाहिले.

प्रथम खेळ समजून घेऊ. निन्टेंडो या जपानी कंपनीची ‘मारिओ कार्ट’ ही खेळमालिका १९९२ साली सुरू झाली. तिच्या अलीकडच्या खेळांत वळण आले की खेळाडू एक बटण दाबून धरतो व गाडी आडवी घसरवत नेतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. घसरण टिकली की चाकांखाली आधी निळ्या व मग नारिंगी ठिणग्या उडू लागतात. २०१७ सालच्या ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये त्यापुढे जांभळ्या ठिणग्यांचा तिसरा टप्पा आहे. बटण सोडताच साठलेला जोर मोकळा होतो आणि गाडी पुढे झेपावते. निळ्या ठिणग्यांवर सोडले तर धक्का अल्प मिळतो, जांभळ्यांवर सोडले तर सर्वांत मोठा. मोबाइलवरील ‘अस्फाल्ट’ मालिकेत हाच जोर ‘नायट्रो’ नावाच्या पट्टीत साठतो. घसरत घेतलेल्या वळणांनी, उड्यांनी आणि वाटेत उचललेल्या बाटल्यांनी ती पट्टी भरते व बटण दाबताच रिकामी होऊ लागते.

यात शिकण्यासारख्या चार गोष्टी आहेत. पहिली, ड्रिफ्टचा जोर वळणावर, गाडी सांभाळण्याचे कष्ट घेत असतानाच साठतो. दुसरी, घाईने सोडला तर हाती थोडेच लागते. तिसरी, लोभाने फार वेळ धरून ठेवला आणि गाडी कठड्यावर आदळली, तर साठलेले सारे जाते. चौथी, पुढे लगेच दुसरे अवघड वळण असताना जोर मोकळा केला, तर तोच वेग गाडीला रस्त्याबाहेर फेकतो. म्हणून कसलेला खेळाडू ठिणग्यांकडे पाहतो त्याहून अधिक वळणापलीकडच्या रस्त्याकडे पाहतो.

हा नियम केवळ पडद्यावरचा नाही. २००९ साली फॉर्म्युला वन शर्यतींत ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून घेणारी यंत्रणा आली. चालकाला प्रत्येक फेरीत साधारण साडेसहा सेकंद ६० किलोवॅटचा जादा जोर मिळे. तो कोठे वापरायचा हे त्याने ठरवायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागराच्या काठी विजेवरील मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. तेथे जादा शक्ती हवी असल्यास चालकाला वेगवान मार्ग सोडून आखून दिलेल्या पट्ट्यावरून गाडी न्यावी लागे. आधी क्षणभर मागे पडायचे, मग ३०० ऐवजी ३५० किलोवॅटची शक्ती वापरायची, असा तो सौदा.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. विजेवरची मोटार पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरते तेव्हा तिची मोटर जनित्रासारखी चालते, आणि चढताना खर्च झालेल्या विजेचा काही भाग बॅटरीत परत येतो. मात्र पाचगणीलाच बॅटरी काठोकाठ भरून घेतली असेल, तर उतारावरची ऊर्जा घ्यायला तिच्यात जागा उरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्या पेढीकडे येऊ. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, कराडचा गूळ, कोणताही माल घ्या. वर्षात काही महिने वळणाचे असतात, काही सरळ रस्त्याचे. मंदीच्या महिन्यांत उधारी वसूल करणे, पडून राहिलेला माल काढणे, खर्चाला आळा घालणे आणि खात्यावरची उचल खाली आणणे हे वळणावरचे काम होय. ते कंटाळवाणे असते व बाहेरून कोणाला दिसत नाही. पण हंगामाचे सौदे सुरू होतात तेव्हा रोखीने चांगला माल कोण उचलणार, हे याच महिन्यांत ठरून गेलेले असते.

एक साधे उदाहरण मांडतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. बँकेने २० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली. दुकानात माल ३० लाखांचा, त्यापैकी ६ लाखांचे पैसे घाऊक व्यापाऱ्याला देणे आहेत. उरलेल्या २४ लाखांवर २५ टक्के मार्जिन वजा जाता ड्रॉइंग पॉवर होते १८ लाख. मंजुरीपत्रावर २० लाख असले, तरी हाताशी १८च. त्यातील बहुतेक रक्कम दुकानाच्या फर्निचरला आणि नव्या गाडीला आधीच लागली असेल, तर हंगामाच्या तोंडावर हाती काय उरणार? ही झाली निळ्या ठिणग्यांवर बटण सोडण्याची गत. बँकेची मर्यादा हा कमावलेला जोर नव्हे, तो व्याजाने घेतलेला जोर आहे, हेही विसरू नये.

उलट बाजूही आहे. भाव वाढेल या आशेने काहीजण माल धरून बसतात. १० लाखांचा बेदाणा शीतगृहात ठेवला आणि त्यावर दर साल १० टक्के व्याज धरले, तर सहा महिन्यांत ५० हजार रुपये व्याजातच जातात. शीतगृहाचे भाडे व घट निराळी. म्हणजे भाव ५ टक्क्यांहून अधिक वाढेपर्यंत नफ्याची भाषाच नको. आणि तोवर नवा माल बाजारात आला, तर कठडा समोर आलाच. साठवणे म्हणजे सुरक्षित करणे नव्हे. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे हळद साठवण्यासाठी नावाजलेली, पण २००५ च्या महापुरात त्यांचेही मोठे नुकसान झाले. विक्रीची वेळ माल ठेवतानाच ठरवावी, आणि ती आली की चार पैसे कमी मिळाले तरी हात आखडू नये.

मग ड्रॉइंग पॉवर सगळी वापरावी की राखावी? पसरणी घाटातली बॅटरी येथे आठवावी. थोडी जागा रिकामी ठेवणे हीही एक पुंजी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी भिजलेला माल ड्रॉइंग पॉवरच्या हिशेबातूनही जातो. तेव्हा दुकान पुन्हा उभे करायचे तर आधी कमी केलेली उचल आणि बाजूला ठेवलेली स्वतःची गंगाजळी यांचाच आधार असतो. ज्याची उचल आधीच काठाला टेकलेली, त्याला हात पसरावा लागतो.

आपल्या धर्माने या विषयाकडे फार पूर्वी लक्ष दिले आहे. साधूंसाठी ईर्यासमिती सांगितली आहे: चार हात पुढची भूमी पाहून चालावे, जेणेकरून पायाखाली जीव सापडू नये. गती किती यापेक्षा दृष्टी कोठे, हा तेथे प्रश्न आहे. श्रावकासाठी परिग्रह-परिमाण व्रत आहे. आपल्या संग्रहाची मर्यादा आपणच आखावी, आणि तिच्यापलीकडचे सत्कार्याला लावावे. नवल असे की, मारिओ कार्टमध्येही तिसऱ्या ठिणग्यांपुढे टप्पा नाही. जांभळा रंग आल्यावर बटण आणखी दाबून धरले, तरी जोर वाढत नाही. कठड्याचा धोका मात्र वाढतो. साठवण्यालाही सीमा असते, हे मुलांच्या बोटांना कळते. मोठ्यांच्या तिजोरीला ते कळायला वेळ लागतो.

शेवटी दोन सूचना. मोबाइलवरच्या अनेक खेळांत कष्टाने मिळवायच्या गोष्टी पैसे देऊन विकत घेण्याची सोय असते. ज्या फोनवर आपले बँक खाते किंवा यूपीआय जोडलेले आहे, तो मुलांच्या हाती देण्यापूर्वी खरेदीला पासवर्डची अट घालावी. विकतचा जोर घेण्याची सवय दहाव्या वर्षी लागली, तर पंचविसाव्या वर्षी ती कर्जखात्यात दिसते.

दुसरी सूचना अशी की, एखाद्या रविवारी घरातल्या मुलाला किंवा मुलीला हा खेळ शिकवायला सांगावे. ठिणग्या कधी सोडायच्या हे ती तुम्हांला सांगतील. मग दुकानाची गेल्या वर्षाची खातेवही उघडून त्यांना विचारावे, की यात वळणाचे महिने कोणते आणि सरळ रस्त्याचे कोणते. उद्या पेढी ज्यांच्या हाती जायची, त्यांची ही पहिली शिकवणी खुशीने होईल.