शेजाऱ्यासाठी बसवलेला पत्रा

अटारी ८०० हा १९७९चा घरगुती संगणक. बाहेरून प्लॅस्टिकचा, पण उघडला की आत ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं जाडजूड कवच. ते मजबुतीसाठी नाही. शेजारच्या घरातला टीव्ही नीट दिसावा, म्हणून आहे.

संगणकातले संकेत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक झटक्यासरशी थोड्या रेडिओलहरी निसटतात. धातूची पेटी त्यांना अडवते. प्लॅस्टिक मात्र त्यांच्यासाठी काचेइतकं पारदर्शक. १९७७चा टीआरएस-८० असाच उघडावाघडा होता. त्याला आवाजाची सोय नव्हती, तर हौशी मंडळी शेजारी एएम रेडिओ ठेवून त्याच्या खरखरीतूनच खेळांचे आवाज काढत. गंमत खरी, पण रेडिओ ऐकू पाहणाऱ्याला विचारा!

कवचाचे पैसे गिऱ्हाईक मोजतो आणि फायदा बहुतेक शेजाऱ्याला होतो. म्हणून ते बाजार आपणहून बसवणार नाही, नियमच लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे. अटारी थेट टीव्हीला जोडायचा असल्याने अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे, म्हणजे एफसीसीचे, सर्वांत कडक नियम त्याला लागू झाले. अ‍ॅपलने पळवाट काढली: टीव्हीला जोडणारा मॉड्युलेटर अ‍ॅपल-२ सोबत दिलाच नाही, तो दुसऱ्याच कंपनीने वेगळा विकला. पुढे एफसीसीने संगणकांसाठी स्वतंत्र नियम केले. ऑफिससाठी ‘ए’ वर्ग, घरासाठी अधिक कडक ‘बी’. त्यांत न बसणारं टीआरएस-८०चं पहिलं मॉडेल १९८१ उजाडताच बंद झालं.

प्लॅस्टिक तरीही टिकलं. आतून निकेल किंवा तांब्याच्या कणांचा रंग, जस्ताचा फवारा, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असे उपाय आले. पण खरा घोळ सांध्यांत असतो. १ गिगाहर्ट्‌झ लहरीची लांबी ३० सेंटिमीटर. १५ सेंटिमीटरची फट, मग ती केसाएवढी अरुंद का असेना, चक्क अँटेना होते. रंग सुरेख आणि झाकण सैल, तर सगळं पाण्यात. केबल तर अँटेनाच. तिच्या टोकाजवळचा तो जाड गठ्ठा म्हणजे फेराइट, ही गळती दाबायलाच.

शहाणे अभियंते गोंगाट उगमापाशीच दाबतात. सर्किट बोर्डात अर्थिंगचा सलग थर असला की निम्मी लढाई जिंकली. २०१२मध्ये रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक कवचाविना, नुसता बोर्ड म्हणून युरोपच्या सीई चाचण्यांत उत्तीर्ण झाला.

आणि आपण? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या पीसीला एका बाजूने काच हवी, आतले रंगीत दिवे दिसायला हवेत. सुटे भाग तपासलेले असतीलही, पण जुळवलेला अख्खा पीसी कुणी मोजलेला नसतो. त्यात यूएसबी ३चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो, जिथे वायरलेस माउस चालतो. माउस अडखळत असेल तर नवा घेण्याआधी त्याचा रिसीव्हर एक्स्टेंशन वायरने जरा लांब नेऊन बघा.