मैदान कोणासाठी?
पुण्याच्या बालेवाडीत 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडासंकुल उभे राहिले. 2018 ते 2023 या काळात जगातील नामांकित टेनिसपटू तेथे खेळून गेले. आमच्या बऱ्हाणपुरास एवढा व्याप नको. दोन सार्वजनिक कोर्टे पुरेत. कोर्ट 78 फूट लांब, 36 फूट रुंद; विम्बल्डनच्या विजेत्यास आणि विणकराच्या मुलास माप एकच. ते उत्तर-दक्षिण आखावे, म्हणजे मावळतीचे ऊन डोळ्यांवर येत नाही. शेजारी सरावाची भिंत असावी. जोडीदार नसलेले मूलही तेथे खेळेल. परंतु खरी कसोटी वेळापत्रकाची! उन्हाळ्यात सायंकाळचे तास निवडक खेळाडूंनाच दिले, तर गावची मुले कुंपणाबाहेर चेंडूच वेचीत राहतील. वाचकहो, नकाशाबरोबर वेळापत्रकही मागून घ्यावे.