मुखपृष्ठाचा शोध

६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतणाऱ्या अनेकांच्या हाती पुस्तकांची पिशवी असते. पदरमोड करून ग्रंथ घेणाऱ्या या वाचकाला आपण मुखपृष्ठ मात्र कोणते देतो? बहुधा तेच निळे आकाश, तेच पिंपळपान, संगणकावरून उतरवून घेतलेली तीच बुद्धमुद्रा. त्यात श्रद्धा असते; पाहण्याचे कष्ट नसतात.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. आपल्याला तर तितके दूर जाण्याचीही गरज नाही. चैत्यभूमीच्या प्रवेशद्वारीच सांचीच्या तोरणाची प्रतिकृती आहे. फोर्टमधील वस्तुसंग्रहालयात मीरपूरखासच्या स्तूपावरील भाजक्या मातीची शिल्पे आहेत. बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत.

मात्र प्रत्येक ग्रंथाला लेणेच शोभेल असे नाही. गिरणी कामगाराच्या आत्मकथनाचे चित्र लालबागच्या चिमणीत किंवा परळच्या चाळीतील झिजलेल्या जिन्यात सापडेल. बाबासाहेबही परळच्या चाळीत राहिले होते, हे विसरू नये. आधी हस्तलिखित वाचावे, मग वही घेऊन बाहेर पडावे, हाच क्रम योग्य.

छोट्या प्रकाशकाला चित्रकाराचे मानधन परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण आपल्या वसतिगृहात चित्रे काढणारे हात आहेत. माजी विद्यार्थ्यांनी त्यांना एक दिवस कान्हेरीला न्यावे आणि पुढील स्मरणिकेचे मुखपृष्ठ त्यांच्याच वहीतून निवडावे, अशी माझी नम्र सूचना आहे.